शहाताची शपथ

इन्शिराहने दार उघडलं ते डोक्याला रुमाल घट्ट बांधून. शहाता आत आल्यावर दार लावायच्या ऐवजी तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि दाराला टेकवून ठेवली. दार सताड उघडं राहिलं. जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं टेबल, त्यावरचं पातेलं, आणि परक्या पुरुषासमोर बसावं तशी नवऱ्यासमोर डोकं झाकून बसलेली बायको, सगळं दिसत होतं. दिसावं म्हणूनच तर ते केलं होतं.

"पाच दिवस झाले या तमाशाला," शहाता म्हणाला. त्याने हत्यारांची पिशवी भिंतीशी ठेवली. "सव्वीस वर्षं तुझे केस बघतोय मी. पिकायला लागले तेव्हा मेंदी मीच आणून दिली. आता कोणापासून झाकतेस?"

"तुझ्यापासून. तू माझा कोण लागतोस ते अजून ठरायचंय. जेव आणि जा."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि पातेल्यात बुडवला. चार रात्री तो बाजारामागच्या आपल्या दुकानात, फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरून झोपत होता. पाठ धरली होती, पण ते सांगायची सोय नव्हती.

वरच्या मजल्यावरची उम्म सामेह, म्हणजे सामेहची आई, भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होती. एरवी धाडधाड चढणारी बाई दारासमोर आल्यावर एकेका पायरीवर दम खाऊ लागली.

"सलाम, इन्शिराह. बरं चाललंय ना सगळं?"

"दार उघडंय, उम्म सामेह. तुम्हीच बघून सांगा."

उम्म सामेहने बघितलं, आणि मग तिचा दम एकदम परत आला.

हे सगळं सुरू झालं गिरणीत. इन्शिराह महल्ला गावच्या कापड गिरणीत चादरींच्या घड्या घालायच्या खात्यात होती, आणि एकोणीस वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तहानी होती. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन, पुढे यायचं, मागे जायचं. इतक्या वर्षांत दोघी एकमेकींशी बोलायच्या थांबल्या नव्हत्या. गेल्या रविवारी तहानीने चादर धरलीच नाही. तिने मोबाइल इन्शिराहच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

ॲपचं नाव दहब, म्हणजे सोनं. दिवसातून एकदा त्यातल्या कुदळीच्या चित्रावर बोट दाबायचं. मग म्हणे तुमचा मोबाइल दिवसभर आतल्या आत नाणी खणत बसतो आणि आकडा वाढत जातो. आकडा सगळ्यांचाच वाढत होता. तो पैशांत हवा असेल तर आधी 'खाण उघडावी' लागायची, आणि खाण उघडायला खरे पैसे भरावे लागायचे. इन्शिराहच्या मोबाइलवरही शहाताने ते घालून दिलं होतं. ती रोज सकाळी चहा उकळेपर्यंत कुदळ दाबायची आणि विसरून जायची. पैसे तिने कधी भरले नव्हते.

ॲपमध्येच वापरणाऱ्यांची मतं लिहायचं एक पान होतं. त्यात सगळ्यात वर, पाच ताऱ्यांखाली लिहिलं होतं:

'बंधूंनो आणि भगिनींनो, ज्याचा कोणावर विश्वास नाही त्याने माझ्यावर ठेवावा. माझ्या बायकोला तीन तलाक, हे ॲप पैसे देतं. शहाता फ्रिजवाला, महल्ला.'

टोमॅटो आजचेच आहेत हे पटवायला टोमॅटोवाला तलाकची शपथ घेतो: खोटं निघालं तर बायकोला तलाक पडला. पाहुण्याने आणखी एक तुकडा खावा म्हणून यजमान घेतो, आणि पाहुणा 'पोट भरलं' म्हणत तीच शपथ उलटी घेतो. पुरुषांच्या तोंडातून ती थुंकीसारखी उडत असते, आणि बायका कानाडोळा करतात. पण तोंडातली शपथ हवेत जाते. ही लिहिलेली होती, खाली नाव होतं, गाव होतं, कसलासा नंबर होता, आणि चार हजार लोकांनी 'उपयोगी पडलं' म्हणून अंगठा उठवला होता.

"तुझ्या नवऱ्याने तुझी शपथ घेतली म्हणून मी पैसे भरले," तहानी म्हणाली होती. "देवाची घेतली असती तर दोनदा विचार केला असता. देवाची काय, सगळेच घेतात. पण मला वाटलं, शहाता काही इन्शिराहला असा पणाला लावायचा नाही."

तहानीने भरले होते ते मुलीच्या गॅसचे पैसे. मर्वतचं लग्न सहा आठवड्यांवर आलं होतं, मुलाकडच्यांशी झालेल्या यादीत पाच बर्नरचा, खाली भट्टी असलेला गॅस मुलीच्या नावापुढे लिहिलेला होता. दुप्पट होतील, मग गॅसही येईल आणि गालिचाही, असा तिचा हिशेब. टेबलावरच्या आणखी सात जणींनी भरले होते. कोणालाच काही परत मिळालं नव्हतं.

मग तहानीने अंगठ्याने ते पान खाली, आणखी खाली सरकवत नेलं. पाच तारे दिलेली मतं वर राहत होती. एक तारा दिलेली बुडत होती. अगदी तळाला गेल्यावर माणसांचे खरे आवाज लागले.

'चोरांनो, माझ्या आईच्या औषधाचे पैसे परत करा.'

'चार महिने बटण दाबतोय. बोटाला घट्टा पडला, हातात छदाम नाही.'

'फ्रिजवाल्या शहाता, तुझी बायको अजून घरातच आहे का? असेल तर तिला सांग, तू तिला केव्हाच सोडलंयस.'

हे शेवटचं इन्शिराहने उभ्याने वाचलं, सगळ्या खात्यासमोर. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी घरी येऊन तिने रुमाल सोडला नाही.

"स्कूटरची घ्यायची होतीस शपथ," ती आत्ता म्हणाली. पाच दिवसांत हे ती पाचव्यांदा म्हणत होती आणि राग उतरायच्या ऐवजी चढत होता. "खोटं निघालं तर स्कूटर जळून जावो, म्हणायचं होतंस. नाही ना म्हटलंस? स्कूटर लागते. दुकानाची घ्यायची होतीस. घरात फुकट काय पडलंय? बायको. लाव तिला पणाला."

"अगं, सगळेच म्हणतात. बोलायची पद्धत आहे ती."

"मग पुसून टाक. दुसरं लिही. लिही की मी शहाता फ्रिजवाला, मी खोटं बोललो, कोणी पैसे भरू नका. रोज नवे लोक येतायत त्यात. रोज कोणाची तरी मर्वत बुडतेय."

शहाताने पातेलं पुसून घेतलं. शेवटचा तुकडा चावत तो सावकाश म्हणाला, "खोटं आहे असं मी माझ्या हाताने लिहिलं तर काय होईल? शपथ खोटी. शपथ खोटी तर तलाक खरा. तुला तेच हवंय?"

शपथ पुसली तर संसार गेला. ठेवली तर आणखी लोक फसले. ज्याने हे करून ठेवलं तो समोर बसून दातांत अडकलेलं काढत होता.

"शेखकडे चल," ती म्हणाली.

तो टाळाटाळ करेल, दुकानाचं निमित्त काढेल, असं तिला वाटलं होतं. तो उठून उभा राहिला.

"चल. आत्ता चल. मला कसली भीती?"

ती पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेली. ओट्याशेजारी नवा गॅस होता, पाच बर्नरचा, काचेच्या दाराच्या भट्टीचा. ईदच्या आदल्या आठवड्यात शहाता तो घेऊन आला होता. एका हॉटेलवाल्याकडचं जुनं येणं एकदम मिळालं, म्हणाला होता. तिने गिरणीत सगळ्यांना सांगितलं होतं, तहानीला तर भट्टीचं दार कसं हळू मिटतं ते हाताने करून दाखवलं होतं. पातेलं तिने त्यावर ठेवलं आणि रुमालाची गाठ पुन्हा आवळली. शहाता घाबरला का नाही, हे तिला कळेना.

मशिदीच्या बाजूच्या खोलीत शेख अब्दुल-बारी बसले होते. तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर तास-दीड तास ते लोकांचे प्रश्न ऐकत. त्यांच्या आधी एक म्हातारा कबुतरांच्या वाटणीबद्दल काही विचारून गेला. मग शेखनी दोघांना समोरच्या बाकावर बसायची खूण केली. इन्शिराह बाकाच्या टोकाला बसली, मध्ये दोन माणसं मावतील इतकी जागा सोडून.

तिने सगळं सांगितलं. शेवटी शेख म्हणाले, "शब्द काय होते? जसेच्या तसे हवेत. त्याला आठवतात ते नकोत, लिहिलेले हवेत."

तिने मोबाइल पुढे धरला. शेखनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि दोनदा वाचलं.

"अंड्यांवरून शपथा घेणारे येतात माझ्याकडे," ते म्हणाले. "फुटबॉलवरून येतात. मोबाइलमध्ये लिहून आलेला तू पहिला. लिहिताना बायको डोळ्यांसमोर होती का तुझ्या?"

"नव्हती, शेखसाहेब. ती गिरणीत होती."

"सोडायचं मनात होतं?"

"छे! लोकांना पटावं म्हणून लिहिलं."

"आणि हे जे पटवत होतास, ते खरं की खोटं?"

"खोटं," इन्शिराह म्हणाली. "एकालाही दमडी मिळालेली नाही, शेखसाहेब. माझ्या टेबलावरच्या आठ जणी बुडाल्यात."

"मी त्याला विचारलं, मुली."

शहाताने खिशातून आपला मोबाइल काढला. बोटाने काही उघडलं, आणि गिऱ्हाईकाला पावती दाखवावी तसा तो शेखच्या पुढ्यात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर पाच दिवसांत पहिल्यांदा सुटका झाल्यासारखं हसू होतं.

"खरं, शेखसाहेब. बघा ना. लिहिलं त्याच्या आदल्याच दिवशी मला दोनशे पाउंड मिळाले होते. हे बघा, तारीख. मग लिहिलं. आणि नंतर तर मिळतच गेले. हे बघा, हे बघा, हा गेल्या गुरुवारचा. मी खोटी शपथ घेणारा माणूस नाही. ॲप पैसे देतं म्हटलं, तर देतं."

खोलीतला पंखा करकरत फिरत होता. इन्शिराह बाकावरून पुढे झुकली.

"तुला दिले?" ती म्हणाली. "तुला पैसे मिळाले?"

"मग? तेच तर सांगतोय. तू उगीच पाच दिवस..."

"आम्हाला का नाही?"

"तुम्ही कोणाला आणलं नाहीत. मी माझ्या मताखाली माझा नंबर दिला होता. त्या नंबरावरून जो येईल आणि खाण उघडेल, त्याचे मला तीनशे. नियमच आहे तसा, सगळ्यांना मोकळा आहे."

शेखनी तोपर्यंत मोबाइल हातात घेऊन ते पान खाली सरकवलं होतं. मग तो त्यांनी इन्शिराहपुढे धरला. वरती ठळक अक्षरांत 'तुमचे कामगार' असं लिहिलं होतं. खाली नावं होती, प्रत्येक नावापुढे तारीख आणि तीनशेचा आकडा. तिच्याच टेबलावरची वफिय्या. सनिय्या, जिच्या नवऱ्याचा हात यंत्रात गेला होता. झिनात. आणि तहानी, ईदच्या बरोब्बर दोन आठवडे आधी.

खाली अनोळखी नावं सुरूच होती. ती किती आहेत ते तिने बघितलं नाही.

"हे पैसे कोणाचे?" शेखनी विचारलं.

"कंपनीचे, शेखसाहेब."

"कंपनीकडे कुठून आले?"

"ते मला काय ठाऊक? मी फ्रिज दुरुस्त करतो."

शेख चष्मा कपाळावर चढवून इन्शिराहकडे वळले आणि नेहमी निकाल देताना जसं बोलत तसं स्पष्ट, एकेक शब्द सोडवून बोलले.

"शपथेत म्हटलं की पैसे देतं. पैसे दिले आहेत. शपथ खोटी ठरलेली नाही. तलाक पडलेला नाही. तू याची बायको आहेस, होतीस तशीच." मग ते म्हणाले, "तू जे विचारायला आली होतीस त्याचं उत्तर हे. आणखी काही विचारायचंय?"

"नाही, शेखसाहेब. उरलेल्याचं उत्तर मला माहीत आहे."

"तू मात्र उद्या परत ये," ते शहाताला म्हणाले. "एकटा ये."

बाहेर शहाताने स्कूटर चालू केली आणि मागची सीट हाताने पुसली. इन्शिराह त्याच्या पुढून चालत निघून गेली. तो थोडा वेळ तिच्या बाजूने सावकाश स्कूटर चालवत राहिला, मग मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या तेव्हा पुढे गेला.

रस्ताभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पाच दिवस तिने मनात त्याला मूर्ख ठरवलं होतं. फसलेला, बढाईखोर, लोकांनी टाळ्या वाजवल्या की फुगणारा. मूर्ख माणसावर तिला राग धरता आला असता आणि मग तो सोडताही आला असता. सव्वीस वर्षांत तसं कितीदा झालं होतं. शपथ खोटी निघू नये म्हणून तिने चार रात्री नमाजात दुवा मागितली होती. दुवा कबूल झाली होती. कोपऱ्यावर, जिथे माल वाहणाऱ्या तीनचाकी उभ्या असतात, तिथे ती थांबली, एका टेम्पोवाल्याशी बोलली, पत्ता सांगितला.

ती घरात शिरली तेव्हा शहाता चपला काढून सोफ्यावर पाय पसरून बसला होता. दाराची खुर्ची त्याने जागेवर नेऊन ठेवली होती. तिने ती परत आणून दाराला लावली.

"आता काय?" तो म्हणाला. "निकाल लागला ना? शेखने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सोड तो रुमाल आता. आणि चहा टाक, डोकं चढलंय."

ती स्वयंपाकघरात गेली. सिलिंडरची चावी बंद केल्याचा आवाज आला, मग रबरी नळी ओढून काढल्याचा. मग पातेली एकेक करून ओट्यावर ठेवल्याची खडखड. शहाता उठून दारात येऊन उभा राहिला.

"काय करतेस?"

"मर्वतचा गॅस तिच्याकडे पाठवतेय."

"वेडी झालीस? माझ्या पैशाचा..."

ती वळली. त्याचं वाक्य तिथेच राहिलं. फडकं ओलं करून तिने गॅसवरचे डाग पुसले, पाचही बर्नर उचलून खालून पुसले, भट्टीचं दार उघडून ते हळू मिटतं का ते एकदा बघितलं. दुसऱ्याच्या मुलीच्या संसारात जाणारी वस्तू होती. मग हात कोरडे करून ती स्टुलावर बसली आणि आपला मोबाइल काढला.

"आता कोणाला फोन?"

"फोन नाही. मत लिहितेय. ॲप वापरते ना मी? मलाही मत आहे."

ती एका बोटाने लिहीत होती, वेळ लागत होता. शहाता तिच्या खांद्यावरून बघायला लागला तेव्हा तिने लपवलं नाही. उलट त्याला नीट दिसावं म्हणून मोबाइल जरा वर धरला.

'हे ॲप पैसे देतं. शहाता फ्रिजवाल्याची शपथ खरी आहे, शेखकडून तपासून घेतली. माझ्या नवऱ्याला त्याने दिले. ते तुमचे होते. तुम्ही भराल ते दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला देईल. जिची शपथ घेतली ती मी. इन्शिराह, चादरींचं खातं, महल्ला.'

"हे पाठवू नकोस," शहाता म्हणाला. "इन्शिराह, हे लोक मला गावात राहू देणार नाहीत. दुकानात कोणी पाऊल ठेवणार नाही. तू बायको आहेस माझी."

"आहे ना. शेख म्हणाले तसं."

खाली टेम्पोचा भोंगा वाजला. जिन्यात पावलं वाजली, आणि उम्म सामेहचं दार उघडल्याचाही आवाज आला.

ॲपने विचारलं, किती तारे? शहाताला वाटलं ती रागारागाने एकच देईल. मग ते मत तळाला जाईल, तिथे बुडालेल्यांत बुडून राहील, आणि कोणाच्या नजरेस पडणार नाही.

इन्शिराहने पहिला तारा दाबला. मग दुसरा. मग तिसरा, चौथा आणि पाचवा, एकेक, घाई न करता.

पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडाले. 'तुमच्या मोलाच्या मताबद्दल धन्यवाद! या आठवड्यात तुमची खाण दुप्पट वेगाने चालेल.' आणि पानावर सगळ्यात वर, शहाताच्या मताच्याही वर, तिचं मत येऊन बसलं.

तिने मोबाइल ओट्यावर ठेवला, रुमालाची गाठ चाचपली आणि उघड्या दारातून जिन्यात डोकावून हाक मारली.

"दोघं या रे वर. जड आहे."